निळा खडू आणि आत्याबाईचे पैसे

दोन हजार बावीस साली आमचा साडू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता, आणि तोवर ह्या जगातली एकही वस्तू त्याला बिनडागाची सापडलेली नव्हती. हे मी रागानं लिहीत नाही. पन्नास वर्षं जवळून बघून लिहितो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. मी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, त्यामुळं समोर मी त्याला साडूभाऊ म्हणतो आणि अहोजाहो करतो. मागं अरेतुरे. लिहिताना तो समोर बसलेला नाही, तेव्हा इथं 'तो' असंच चालेल. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि चौथीचीही परीक्षा दिलेली नाही, पण कुणाला काय म्हणायचं हे मला कुणी शिकवू नये.

आम्ही दोघं एकाच गिरणीत होतो. मी साच्यावर, म्हणजे कापड विणायचो. तो कापडखात्यात, म्हणजे आम्ही विणलेलं कापड तपासायचा. मोठ्या खिडकीसमोर उतरतं टेबल, त्यावरून कापड सरकायचं आणि साडू उभा राहून त्यावरून डोळा आणि अंगठा फिरवायचा. डाग, गाठ, तुटलेला धागा, काही दिसलं की निळ्या खडूनं फुली मारायची आणि विणकराला बोलावून दाखवायचं. मग विणकराचा पगार कापला जायचा. चारशे माणसं त्याला शिव्या घालायची आणि तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "मी नाही काढला डाग. तू काढलास. मी नुसता बघितला." एरवी तो बोलायचा मुंबईची भाषा, पण डाग सापडला की मालवणीत जायचा. फुलीवर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "हय आसा!" म्हणजे, इथं आहे. एखाद्याला देव सापडला तर तो जेवढा खूश होईल, तेवढा हा धाग्याला व्हायचा.

गिरणी गेली, टेबल गेलं, खिडकी गेली. तिथं आता काचेची इमारत आहे आणि तिच्या काचांत त्याला लहर दिसते. पण अंगठा आणि खडू त्यानं घरी आणले. सदऱ्याच्या खिशात निळ्या खडूचा तुकडा कायम. खिसा निळा, बोटं निळी, आणि नाक खाजवलं तर नाकही निळं. चाळीच्या जिन्याची हलणारी पायरी, दुकानातल्या कपाटाची तिरकी फळी, लग्नपत्रिकेतली शाईची चूक, सगळीकडं फुली. शिवाजी पार्कला सकाळी फिरायला जायचा तेव्हा तिथल्या एका बाकाच्या सुटलेल्या फळीवर त्यानं फुली मारली. तिथं फिरायला येणाऱ्या पेन्शनवाल्यांना वाटलं, सरकारी खूण आहे. तीन महिने त्या बाकावर कुणी बसलं नाही. पुढं फळी बसवली गेली, तर हा मला म्हणतो, "बघ, अजून माझ्या खडूला मान आहे." शेजारचे एक गृहस्थ वारले तेव्हा त्यांच्यासाठी आणलेलं पांढरं कापड ह्यानं अंगठ्याखालून काढलं आणि दुकानात परत पाठवलं. दोन गाठी होत्या म्हणे. दुकानदारानं मुकाट बदलून दिलं. तेवढा वेळ सगळे उन्हात उभे. ज्यांचं कापड होतं ते तेवढे काही बोलले नाहीत.

बाजारातली कोळीण मात्र त्याला पुरून उरायची. हा पापलेट उलटंपालटं करून कल्ल्यात डोळा घालून बसला की ती ओरडायची, "ओ खडूवाले, खायचंय ना? मग पत्रिका कशाला बघताय त्याची? माझ्या पापलेटाला खडू लावलात तर ही टोपली तुमच्या डोक्यावर उलटी करीन!" हा शांतपणे म्हणायचा, "डावीकडची दोन बरी आहेत." आणि घ्यायचा उजवीकडचीच, कारण डावीकडच्या दोनांत डाग निघाला नव्हता, त्यामुळं त्याला त्यांचा संशय यायचा.

आता माझं. माझं लग्न ठरलं त्याच्या आदल्या महिन्यात ह्यानं माझ्या पॉपलीनच्या एका ताक्यावर फुली मारली होती. आडवा एक धागा नाही म्हणाला. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "हय आसा." मी म्हटलं, तुमचा डोळा फुटला आहे. पगार कापला गेला. पैशाचं मला काही नाही, पण माझ्या साच्यावरून डागाचं कापड उतरत नव्हतं हे सगळं खातं सांगेल. मी हट्टानं त्या तुकड्याचं कापड गिरणीतून विकत घेतलं आणि लग्नात अंतरपाट म्हणून तेच धरायचं असं जाहीर केलं. एक टोक धरायला मुलीकडून थोरले जावई, म्हणजे हाच. म्हटलं, दोनशे माणसांसमोर, अक्षता डोक्यावर पडत असताना, माझं कापड दोन्ही हातांनी उंच धर. तो आला, टोपी नीट केली, टोक धरलं. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्याला मी खाली बघतो तर ह्याचा अंगठा चालू. भटजी "सावधान" म्हणायला आणि हा "हय आसा!" म्हणायला एकच गाठ पडली. भटजी थांबले. पलीकडून माझी होणारी बायको हसल्याचं मी ऐकलं. तिचा चेहरा बघायच्या आधी मी तिचं हसू ऐकलं, ते असं. तो अंतरपाट मी घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. उघडून बघितला नाही. धागा आहे हे मला माहीत होतं, मग बघायचं कशाला?

तर हा माणूस. आणि ह्याच्या हातात देवानं पैसे दिले.

लालबागला त्याची आत्या होती. बालविधवा. तिनं चाळीस वर्षं खानावळ चालवली. गिरणीतली एकटी माणसं तिच्याकडं जेवायला. हा चौदाव्या वर्षी गावाहून आला तो तिच्याच खोलीत राहिला, तिथंच वाढला, तिथंच त्याचा संसार झाला. लग्नाआधी मीसुद्धा तिच्या पंगतीत चार वर्षं जेवलो आहे. तिच्या हातची सोलकढी पिऊन दुसऱ्या पाळीला गेलेला माणूस साच्यावर डुलक्या काढायचा, आणि त्या डुलकीत धागा तुटायचा, असं साडूचं म्हणणं. म्हातारी चौऱ्याण्णव वर्षांची होऊन गेली. नेसूची दोन लुगडी, पितळी परात आणि बँकेत तिनं गुपचूप साठवलेली ठेव. किती ते मी सांगत नाही, कारण त्यानं मलाही सांगितलं नाही. मुंबईत त्यात घर आलं नसतं, घराचं दार आलं असतं. कागदावर तिनं कुणाकडून तरी दोनच ओळी लिहवून घेऊन अंगठा उमटवला होता. "माझे पैसे भाच्याला. तो नीट बघून वापरील."

ही दुसरी ओळ नसती तर त्याच्या मुलानं ते पैसे महिन्याभरात वापरून टाकले असते आणि सगळे सुखी झाले असते. पण "नीट बघून" म्हटल्यावर साडूला पुन्हा कामावर घेतल्यासारखं झालं. त्यानं कागदाची चौघडी खडूशेजारी खिशात ठेवली आणि पैशाचा काय काय उपयोग होऊ शकतो ते एकेक करून टेबलावरून सरकवायला सुरुवात केली.

आधी मुलगा आला. त्याला कल्याणच्या पुढं घर घ्यायचं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहायची, त्याचंही खोटं नव्हतं. बापाला तो नमुन्याचं घर दाखवायला घेऊन गेला. साडूनं भिंतीला अंगठा लावला, फरशीवर गोटी सोडली, ती कुठं जाते ते बघितलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या पांढऱ्या घराला अकरा निळ्या फुल्या. बिल्डरचा टायवाला माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, हे नुसतं सॅम्पल आहे!" साडू म्हणाला, "मग सॅम्पल तरी चांगलं काढायचं होतं." शेवटी त्यानं स्वयंपाकघराची खिडकी उघडली. समोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. "हय आसा," म्हणाला आणि जिना उतरला. मुलगा आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही.

मग गावाहून देवळाच्या कमिटीचे सेक्रेटरी आले. वेशीवर सिमेंटची कमान बांधायची, वर देणाऱ्याचं नाव. साडूनं विचारलं, नाव आत्याचं ना? सेक्रेटरी म्हणाले, "तिचं कसं? बाईमाणूस, परत माहेरी कधी आली नाही. तुमचं घालू की." झालं, डाग सापडला. पण सेक्रेटरी चिवट. दर पंधरा दिवसांनी कमानीचं नवीन चित्र घेऊन यायचे, प्रत्येक चित्रात कमान आधीपेक्षा दोन फूट उंच. त्यानंतर बँकेतली एक मुलगी आली, गुळगुळीत कागद घेऊन. साडूनं कागद चोळून बघितला, खूप आवडला, पण खाली मुंगीएवढी अक्षरं होती ती वाचून दाखवायला सांगितली. ती मुलगी वाचता वाचता स्वतःच थांबली आणि म्हणाली, "आजोबा, राहू दे."

आणि रोज दुपारी हा लालबागहून चालत भोईवाड्याला आमच्या चाळीत यायचा आणि मला विचारायचा, "तू सांग. काय करू पैशाचं?"

मी सांगायचो, "समुद्रात टाका."

तो विचार करून म्हणायचा, "ओहोटीला परत येतील."

मला विचारण्यात काही अर्थ नव्हता, आणि त्याचं कारण आमच्या भिंतीवरच्या घड्याळामागं खोचलेलं होतं. माझी नात सायली बारावी होऊन नर्सिंगला लागली होती. लागली म्हणजे यादीत नाव आलं होतं. पहिल्या वर्षाची फी भरायची बाकी होती. माझा मुलगा एका शेठकडं गाडीवर आहे. तो म्हणाला, शेठकडून उचल घेतो. मी म्हटलं, माझ्या नातीसाठी कुणापुढं हात पसरायचा नाही, फीचं मी बघतो, आणि घरात ह्यावर परत बोलायचं नाही. हे मी म्हटलं तेव्हा माझ्याकडं काय होतं? काही नव्हतं. गिरणीनंतर बारा वर्षं वॉचमनकी करून जे ठेवलं होतं ते आमच्या हिच्या गुडघ्यात गेलं. ती आता चालते, त्यामुळं तक्रार नाही. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. रोज सगळी बाहेर गेली की मी घड्याळामागचा कागद काढायचो, उघडायचो, शेवटची तारीख वाचायचो, आणि परत घडी घालून ठेवायचो. तारीख काही बदलत नव्हती. सोमवार. सायली विचारायची नाही, फक्त कॅलेंडरकडं बघायची. आमची ही मात्र एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमचे साडूभाऊ रोज येऊन पैसे घ्या पैसे घ्या म्हणतायत, आणि तुम्ही समुद्र दाखवताय."

मी म्हटलं, "ज्यानं माझ्या कापडावर फुली मारली त्याच्याकडं मी मागू?"

"पन्नास वर्षं झाली हो."

"धागा आहे अजून."

"धागा असू दे. पोरगीची सीट जाईल," ती म्हणाली, आणि भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली.

सोमवार चार दिवसांवर आला होता तेव्हाची दुपार. साडू आला, नेहमीच्या जागी बसला. हिनं चहा दिला. त्यानं कप डाव्या बाजूला ठेवला आणि घटकाभर बोलून झाल्यावर तो शोधायला लागला. हात कपाच्या पुढं, मागं, मग जमिनीवर. सायली समोर बसली होती. ती उठली, त्याच्यासमोर येऊन बसली.

"लालबागचे आजोबा, उजवा डोळा मिटा."

"कशाला?"

"मिटा ना. आता समोर कोण बसलंय सांगा."

साडूनं मान ताणली. "तुझा आजोबा बसलाय, अजून कोण? तोंड फुगवून."

"आजोबा मोरीत गेलेत. ते कॅलेंडर आहे."

मी मोरीतून ऐकत होतो. ओला हात तसाच ठेवून थांबलो. सायली म्हणाली, "तुमच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असणार. कप डावीकडं ठेवला की चाचपडता, जिन्यात डावा खांदा घासत येता. सदरा बघा, तिथंच मळलाय." आणि तिनं त्याच्या डाव्या गालाजवळ बोट नेलं, त्याच्याच आवाजात म्हणाली, "हय आसा!"

मी मोरीच्या दारातून डोकावलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यावर फुली मारली होती. मग त्यानं विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"अजून कुठं शिकलेय? शिकायचंय."

तो उठला. चाचपडत घड्याळापाशी गेला आणि मागून तो कागद काढला. रोज समोर बसून त्याला तो खोचलेला दिसत असणार. मी धावलो. "ठेवा तो, विजेचं बिल आहे."

त्यानं कागद वाचला नाही. डोळ्यापाशीही नेला नाही. घडीवरून अंगठा फिरवला, एकदा उभा, एकदा आडवा. "विजेचं बिल एवढं कुणी उघडत नाही," म्हणाला. "घडी झिजलीय." कागद परत खोचला, चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच राहिला.

शुक्रवारी निरोप आला. रविवारी सकाळी लालबागच्या खोलीत नारळ ठेवणार, पैशाचं काय ते देवासमोर सांगणार, सगळ्यांनी यायचं. सगळे आले. हिची थोरली बहीण देवापाशी, त्यांचा मुलगा आणि सून खिडकीत, देवळाचे सेक्रेटरी सर्वांत उंच कमानीचं चित्र गुंडाळून काखेत, आणि आम्ही चौघं, म्हणजे मी, ही, मुलगा आणि सायली. आत्याच्या फोटोला झेंडूचा हार. हार कुठं विरळ आहे ते साडूनं आधी बघून घेतलं होतं.

आमच्याकडं कुठलंही काम सुरू करायच्या आधी घरातला मोठा माणूस देवाला गाऱ्हाणं घालतो. तो एकेक वाक्य म्हणतो, वाक्याच्या शेवटी "रे म्हाराजा" आलं की बाकीच्यांनी एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणायचं. हे आम्हाला चालायच्या आधी येतं. आणि ह्यात माझा आवाज प्रसिद्ध आहे. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेला, हळू बोलणं मला जमत नाही. गणपतीला, लग्नाला, गावच्या जत्रेला, माझ्या "होय म्हाराजा"शिवाय गाऱ्हाणं पुरं झालं असं लोक मानत नाहीत. मी ह्या वेळीही पुढं उभा राहिलो. त्याच्या पैशाशी मला काही घेणं नव्हतं. गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं.

साडूनं टोपी घातली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ही सगळी तुझी लेकरां हय एकठय जमली हत, तेंच्यावर नजर ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"माझ्या आत्येन जन्मभर चुलीफुडे बसान जा काय साठवल्यान, ता माझ्या हातात दिल्यान. ता वाया जावक देव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तुका गावात सगळे वळाखतत. तुका कमानीची गरज नाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हणाले सगळे, सेक्रेटरी धरून. म्हणून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि काखेतल्या गुंडाळीकडं बघितलं.

"माझ्या झिलाक घर होया, ता खरा. पण भिंतीत उघडणारी खिडकी नको, बरी जागा मिळासर तेका दम धरूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मुलगा आणि सून दोघांनी खणखणीत म्हटलं, आणि मग एकमेकांकडं बघितलं. देवापुढं म्हटलेलं परत घेता येत नाही. मला आतून अशा गुदगुल्या होत होत्या की पुढच्या वाक्यासाठी मी छाती भरून घेतली.

"ह्या पैशातलो पयलो मान भोयवाड्याच्या सायलीचो. तेच्या नर्सच्या शाळेची फी आत्येच्या पैशातसून जातली. आणि तेच्या आजोबाच्या पोटात काय वाकडा आसात, तर ता सरळ करून तेच्या तोंडातसून 'होय' काढ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!"

खोलीच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली. तो आवाज माझा होता. एकट्याचा, कारण बाकीचे सगळे माझ्याकडं बघत राहिले होते.

नारळ फुटला. मी त्याचा हात धरला. "साडूभाऊ, हा फसवाफसवीचा धंदा आहे."

"मी काय केलं?" तो म्हणाला. "बोललास तू. मी नुसतं विचारलं."

"मला कुणाचे पैसे नकोत."

"तुला कोण देतंय? तिच्या पंगतीत चार वर्षं जेवलास तेव्हा कधी नको म्हटलंस? तेच आहेत हे. तेव्हा भाकरी होती, आता चेक आहे." चेक शाळेच्या नावानं लिहिलेला होता, शुक्रवारीच. सायलीच्या हातात दिला आणि खिशातला खडूचा तुकडा काढून तोही तिच्या तळहातावर ठेवला. "हा तू ठेव. माझ्याकडून हल्ली भिंतीलाच लागतो."

"आणि डोळ्याचं ऑपरेशन?" तिनं विचारलं. "ते ह्याच पैशात बसतं, आजोबा."

"बघू. नीट बघून ठरवू."

"कशानं बघणार?" मी म्हटलं. तो हसला. मग मला जिन्याशी सोडायला आला. बाकीची मंडळी खाली उतरली होती. कठड्याला धरून तो म्हणाला, "तो अंतरपाट आहे का रे तुझ्याकडं अजून?"

"आहे. का?"

"काही नाही. पोरगीनं डोळा दाखवला तेव्हापासून झोप नाही. हा डोळा आताच गेला, की कधीपासून जायला लागला होता, कोण सांगणार? चारशे माणसं होती. मी फुली मारली की पगार कापला जायचा. त्यातले किती डाग खरंच..." अंगठ्यानं कठड्याचं लाकूड चोळत राहिला. "बाकीचं कापड तर खपलं, फाटलं. एवढं तुझंच राहिलंय. कधी आणलंस तर आण. मला काय दिसणार म्हणा आता."

मी जिना उतरलो. आम्ही चौघं चालत भोईवाड्याला आलो. चाळीच्या दारात आमची ही म्हणाली, "आवाज मात्र आज छान लागला होता तुमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सायली फी भरायला निघायच्या तयारीत होती तेव्हा, मी ट्रंक ओढली आणि तळातून अंतरपाट काढला. पन्नास वर्षांची घडी. पॉपलीन पिवळं पडलं होतं, खडूची खूण केव्हाच गेली होती. चष्मा पुसला, गॅलरीत उजेडाला गेलो आणि कापड अंगठ्याखालून काढायला लागलो, वरून खाली, तो काढायचा तसं. पहिल्या हातभरात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. माझं विणकाम चांगलंच होतं, ते मी आजही सांगेन. मग डाव्या काठापासून वीतभर अंतरावर अंगठा अडकला. तिथून परत नेला, परत अडकला. कापड उन्हासमोर धरलं. आडवा एक धागा नव्हता. एवढ्या मोठ्या कापडात एकच, आणि तो नव्हता.

कुणी बघत नव्हतं. घडी घालून ट्रंकेत परत टाकता आलं असतं.

मी सायलीला हाक मारून तो खडू मागून घेतला, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यालाही दिसेल एवढी जाड फुली त्या जागी मारली. मग कापड पिशवीत घातलं आणि तिला म्हटलं, चल, फी भरू, पण आधी लालबागवरून जाऊ.